वळू बघायच्या आधी त्याची आई बघा

जत तालुक्यातल्या एका तरुण पशुपालकानं प्रश्न विचारलाय. त्यांच्याकडे खिल्लार जातीच्या 9 शुद्ध गायी आहेत, 4 कालवडी आहेत आणि 6 वर्षांचा घरचाच वळू आहे. कालवडी त्याच वळूच्या. आता त्या माजावर यायला लागल्यात. त्याच वळूनं त्यांना भरवलं, म्हणजे गाभण केलं, तर चालेल का, की शर्यतीत नाव काढलेल्या एका बैलाकडं न्याव्यात, हा त्यांचा पहिला पेच. दुसरा असा की चाऱ्याच्या ओढीमुळं 2 गायी कमी करायच्यात, तर कोणत्या?

दादा, तुम्ही गायींबद्दल रंग, शिंगं, उंची, बाजारात कुणी किती मागितली हे सगळं बारकाईनं लिहिलंय. पण कोणती गाय कधी विली, किती वासरं जगली, किती वेळा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, याची एक ओळ नाही. तुमची खरी अडचण तिथं आहे, वळू नंतरचा. कोणत्या गायीचं रक्त पुढं न्यायचं हे ठरल्याशिवाय तिला कोणता वळू लावायचा हे ठरत नाही. म्हणून आधी गायींचं बोलतो, मग वळूचं.

सगळं सगळ्यांना लागू पडत नाही, हेही आधीच सांगतो. मी आटपाडी भागातला. आमच्या दावणीला 27 वर्षं खिल्लारच आहे, 14 ते 18 गायींच्या आसपास. पाऊस तुमच्यासारखाच, सालाला पाचशे मिलिमीटर पडला तर बरं वर्ष. पण टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मिळतं, तुमच्या बाजूला ते सगळीकडं नसेल. तुम्हाला खोंड यात्रेत विकायचेत, शर्यतीला तयार करायचेत की घरच्या दुधापुरत्या गायी आणि शेणखत हवंय, यावरही बरंच अवलंबून आहे. मी धरून चालतो की तुम्हाला कळप शुद्ध ठेवायचाय आणि खोंड-कालवडी विकून त्यावर खर्च भागवायचाय.

आता गायी. माझ्याकडं एकाच वर्षी पहिल्यांदा विलेल्या दोन गायी होत्या. रत्नी म्हणजे चित्रातली खिल्लार: दुधासारखी पांढरी, कपाळाच्या मधोमध खोल पन्हळ, शिंगं बुडाशी जवळजवळ आणि मागं जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यापाशी थांबायचा. पाखरी तिच्या शेजारी बांधलेली, मानेला काळपट झाक, एक शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. तिच्याकडं कुणी बघायचं नाही. साडेसात वर्षांत पाखरी 7 वेळा विली आणि सातही वासरं जगली. रत्नी 4 वेळा विली, त्यातलं एक वासरू पहिल्या आठवड्यात गेलं. खाणं दोघींनाही सारखंच, पाणी सारखंच. वहीत तारखा एकाखाली एक बघेपर्यंत मलाही वाटत होतं की रत्नीच कळपाची शान आहे. आज माझ्या दावणीतल्या निम्म्याहून जास्त गायी पाखरीच्या लेकी-नाती आहेत.

परदेशात मांसासाठी शुद्ध जातीची गुरं पाळणारे लोक गायीला पहिला प्रश्न हाच विचारतात: वर्षाला एक वासरू दिलंस का, आणि ते जगलं का? वासरू साधारण 205 दिवसांचं झालं की त्याचं वजन करतात आणि त्यावरून आईचा दर्जा लावतात, कारण तोपर्यंतची वाढ बरीचशी आईच्या दुधावर झालेली असते. आपल्याला मांस विकायचं नाही, पण हा हिशेब जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. खिल्लार दुधाची जात नाही, पण आपल्या वासराला पुरेल इतकं दूध तरी गायीला हवंच. सात महिन्यांचं वासरू खडखडीत वाढलेलं असलं की आईची कास चांगली, हे धार न काढताही कळतं.

वजनाला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून मागच्या बसकणीच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोत अंदाजे वजन. वासराचा घेर 44 आणि लांबी 38 भरली तर वजन 111 किलोच्या आसपास. दहा-वीस किलो इकडंतिकडं होईल, पण सगळ्या वासरांना एकाच माणसानं एकाच पद्धतीनं टेप लावली तर कोण पुढं, कोण मागं, हे चुकत नाही.

तुलना मात्र एकाच सालातल्या वासरांची करा. 2018-19 च्या दुष्काळात वाढलेलं वासरू आणि बऱ्या पावसाच्या वर्षातलं वासरू शेजारी उभं करून आईला नावं ठेवणं हा अन्याय आहे. मी वहीत वर्षाचं पान वेगळं ठेवतो आणि त्या पानावरच्या गायींची एकमेकींशीच तुलना करतो. पहिलारू गाय आणि चौथ्या वेताची गाय यांनाही एका मापानं मोजत नाही.

गाभण राहणं, वेळेवर विणं या गोष्टी रक्तातून फार थोड्या उतरतात. त्यात मोठा वाटा खाण्याचा आणि सांभाळाचा असतो. म्हणून उलटणारी गाय दिसली की लगेच विकायला काढू नका. जंताचं औषध दिलंय का, खनिज मिश्रण चालू आहे का, ते आधी बघा. नुसतं उसाचं वाढं घालत असाल तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं अंगातलं कॅल्शियम अडकतं, सोबत कडबा किंवा दुसरी वैरण हवी. हे सगळं नीट असून, बाकीच्या गायी त्याच दावणीला गाभण राहत असून एखादी सलग दोन वर्षं रिकामी राहिली, तर तिच्यावर फुली मारायची, मग ती कितीही देखणी असो.

फुली मारताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी रिकामी राहणारी. मग जिची वासरं जगत नाहीत किंवा जी वासराला पाजून घेत नाही. मग कास: सड इतके जाड की वासराच्या तोंडात मावत नाहीत, किंवा कास गुडघ्याला लागते. मग पाय आणि खूर. मग स्वभाव. खिल्लार तापट असणारच, अनोळखी माणसाला बघून फुरफुरणार, त्यात काही वावगं नाही. पण रोज वैरण टाकणाऱ्या घरच्या बाईला शिंग लावणारी गाय मी ठेवत नाही, आणि तिचा खोंड वळू म्हणून तर कधीच नाही. रंग आणि शिंगं सगळ्यात शेवटी, आणि तेही दोन गायी बाकी सगळ्यात सारख्या उतरल्या तरच. अंगावर केसांची गोम कुठं आहे, भोवरा कुठल्या बाजूला वळलाय, यावर बाजारात भाव पडतो-चढतो, तेव्हा विकताना त्याचा विचार करावा लागतो. पैदाशीला कोणती ठेवायची हे त्यावरून मी कधीच ठरवलं नाही.

एक गोष्ट रंगावरूनच. नुकत्या जन्मलेल्या खिल्लार वासराच्या टाळूवर तांबूस झाक असते आणि ती दोन-तीन महिन्यांत जाते. ती बघून 'यात भेसळ आहे' म्हणत चांगली कालवड स्वस्तात काढणारे मी पाहिलेत. घाई करू नका.

तुमच्या गायींपैकी एखादी सातव्या महिन्यानंतर गाभडली असेल तर तिचं प्रकरण वेगळं. तिचं रक्त तपासून घ्या. ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा आजार निघाला तर ती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात विकणं म्हणजे त्याच्या घरात आजार नेऊन सोडणं, कारण तो माणसालाही होतो. गाभडलेलं वासरू, वार उघड्या हातानं उचलू नका, चुना टाकून खोल पुरा, दूध उकळल्याशिवाय घेऊ नका. आणि पाडी 4 ते 8 महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते, ती चुकवू नका. हे पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

आता तुमच्या कालवडींचं. घरच्या वळूनं भरवू नका. बाप-लेकीच्या जोडीतून होणाऱ्या वासरात सगोत्रपणा 25 टक्के धरतात. म्हणजे त्याच्या अंगातल्या चार गुणसूत्र-जागांपैकी सरासरी एका जागी आईकडून आणि बापाकडून आलेली प्रत एकाच पूर्वजाची, एकसारखी असते. एखादा दोष आजवर एका प्रतीत दडून बसला असेल तर तो तिथं उघडा पडतो. सावत्र भावंडांच्या आणि आजोबा-नातीच्या जोडीत हा आकडा साडेबारा टक्के येतो. त्याचा फटका आधी दिसण्यात बसत नाही, म्हणून तो कळतही नाही. वासरू पांढरंशुभ्र, शिंगाळं होतं, पण जन्मतःच हलकं असतं, उठून आईला पिऊ शकत नाही, आणि पुढं कालवड झाली की उलटत राहते.

काही जण म्हणतात, जुने लोक मुद्दाम जवळच्या रक्ताची जोडी जमवायचे. जमवायचे, पण त्यांच्याकडं शंभर-दोनशे गुरांचे कळप होते आणि नापास जनावर बाजूला काढायला मन घट्ट होतं. 9 गायी आणि एक वळू असा कळप बाहेरचं रक्त न घेता चालवला तर एका पिढीत सगोत्रपणा सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. तीन पिढ्यांत कळप संपवायला तेवढं पुरे. त्यामुळं वळू वाईट म्हणून नाही, त्याचं काम इथं झालं म्हणून बदलायचा. चांगला असेल तर दुसऱ्या गावच्या खिल्लारवाल्याशी अदलाबदल करा, तुमचा त्याच्याकडं, त्याचा तुमच्याकडं. मी दर अडीच-तीन वर्षांनी असंच करतो, म्हणजे लेकी माजावर यायच्या आधी बाप दावणीवरून गेलेला असतो.

कालवडी भरवायच्या त्या वयावर नाही, वजनावर. मोठ्या गायीच्या वजनाच्या दोन तृतीयांश व्हायला हवं. माझ्या गायी साधारण 340 किलोच्या, म्हणून कालवड 225-230 किलोची होईपर्यंत थांबतो. घेर 56 इंच, लांबी 48 इंच भरली की समजायचं वेळ आली. लवकर भरवलेली कालवड एकदा विते, वाळते आणि पुढची दोन वर्षं माजच दाखवत नाही.

आता शर्यतीचा बैल. तुमच्या मनात तोच आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळतंय, आणि मोह का होतो हेही मला कळतं. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडाला कुणी विचारत नव्हतं. आमच्या भागात कित्येकांनी खिल्लार गायींना संकरित रेत भरवलं, कारण निदान दूध तरी मिळेल. 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि आता पळीच्या खोंडाला सोन्याचा भाव आहे. गेलेली जात परत दावणीला येतेय याचा मला मनापासून आनंद आहे.

पण बैल पळतो त्यात रक्त किती, खुराक किती, सराव किती, जोडीला कोण होतं आणि हाकणारा कोण होता, हे वेगळं करता येत नाही. आणि दहा वासरांत साधारण पाच कालवडी होणार. त्या पळणार नाहीत, त्या विणार. त्यांची कास कशी असेल हे त्या बैलाच्या गुलालावरून कळत नाही. ते कळतं त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून.

हे मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका यात्रेतून एक वळू आणला. शिंगं साळून, तेल लावून उभा केलेला, छाती भरदार, चाल अशी की लोक वाट सोडायचे. आईबद्दल विचारलं तर विकणारा म्हणाला, लांबच्या गावची आहे. मी तेवढ्यावर गप्प बसलो. तीन-चार वर्षांनी त्याच्या पाच लेकी पहिल्यांदा विल्या. तिघींचे सड अंगठ्यापेक्षा जाड, दोघींनी वासराला जवळच येऊ दिलं नाही. दोन महिने मी आणि आमचे तात्या दुसऱ्या गायींचं दूध बाटलीनं पाजत होतो. त्या वळूचं सगळं रक्त कळपातून काढायला मला पुढची सात-आठ वर्षं गेली. गायीची चूक एका वासरापुरती असते, वळूची चूक सगळ्या कळपात पसरते.

म्हणून कोणताही वळू बघायला गेलात तर आधी त्याची आई कुठं आहे ते विचारा आणि तिच्या गोठ्यात जा. किती वेतं झाली, शेवटचं वासरू कधीचं, कास कशी, हाताळायला कशी. आई जिवंत नसेल तर बहिणी बघा. त्याच्या लेकी विलेल्या असतील तर मग दुसरं काही बघायची गरजच नाही, त्याच बघा.

मग वळूला मोकळ्या, धुळीच्या वाटेवर सावकाश चालवा आणि मागं राहून ठसे बघा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा अगदी लगत पडला पाहिजे. आखूड पडत असेल, बाहेर फेकला जात असेल तर सांध्यात किंवा पाठीत काहीतरी आहे. बेंबीची कातडी घट्ट हवी, लोंबती नको. अंडकोष दोन्ही सारखे, खाली सुटलेले, दाबल्यावर भरीव पण दगडासारखे कडक नकोत. एकाच वयाच्या दोन वळूंत ज्याचे मोठे तो घ्यावा, कारण हा गुण रक्तातून चांगला उतरतो आणि अशा वळूच्या लेकी लवकर माजावर येतात. गेल्या दोन महिन्यांत त्याला लाळ-खुरकूत, लम्पी किंवा नुसता जोराचा ताप येऊन गेलाय का, हेही विचारा. रेत तयार व्हायला साधारण 60 दिवस लागतात, त्यामुळं आज धडधाकट दिसणारा वळू आजारानंतर दोन महिने वांझ असू शकतो आणि आपण गायीला दोष देत बसतो.

शर्यतीच्या बैलाचा आणखी एक धोका: त्याच्याकडं चारी बाजूंनी गायी येतात. एका गायीचा गर्भाशयाचा आजार पुढच्या वीस गायींना मिळतो. मालकानं तपासणीचा कागद दाखवला नाही तर नेऊ नका. दाखवला, आईही पसंत पडली, तर 9 पैकी 2 गायींना लावा आणि त्या दोन अशा निवडा ज्यांची कास निर्विवाद चांगली आहे. कालवडींना नको. एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी घातल्या तर उद्या दोष कुणाचा हे कळणार नाही.

चार कालवडींना मी पशुवैद्यकीय दवाखान्यातून खिल्लारचं गोठित रेत भरवलं असतं, दोघींना एका वळूचं आणि दोघींना दुसऱ्याचं. रेत ज्या बारीक नळीत येतं त्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. कांडी टाकून देऊ नका, वहीच्या त्या पानाला चिकटवा. नाहीतर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच लेकीला भरली जाते, आणि हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. खिल्लारचा माज बऱ्याचदा मुका असतो, फारशा हंबरत नाहीत, तेव्हा पहाटे आणि दिवेलागणीला गोठ्यात जाऊन उभं राहावं लागतं.

वही किती गरजेची, ते मला चारा छावणीनं शिकवलं. 2018-19 ला आमची गुरं कित्येक महिने छावणीत होती. तिथं सगळ्या गावांची जनावरं शेजारी. परत आल्यावर तीन गायी विल्या, आणि बाप कोण हे छातीठोक सांगता येईना. त्यातली एक कालवड फार देखणी होती. मी ती शुद्ध कळपात ठेवली नाही, शेजाऱ्यांना घरच्या दुधाला दिली आणि 'पैदाशीला खिल्लार म्हणून विकू नका' असं सांगून दिली. मन दुखलं. पण माझ्या वहीवर विश्वास ठेवून लोक कालवडी नेतात.

कमी केलेल्या जनावरांचं काय, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणारच. मांसासाठी पाळणारे नापास जनावर कत्तलखान्याला देऊन मोकळे होतात. आपल्याकडं गायींबरोबर 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळं आपला निर्णय आधीच घ्यावा लागतो, जनावर जन्मायच्या आधी. नको त्या गायीला भरवायचंच नाही. आणि खोंडांपैकी दोनच वळू म्हणून राखायचे, तेही ज्यांच्या आयांचं वहीतलं पान सगळ्यात भरलेलं आहे त्यांचे. ते दोन दुसे होईपर्यंत, म्हणजे दोन कायमचे दात येईपर्यंत, बघायचे, मग एक ठेवायचा. बाकीचे वेळेवर डॉक्टरांकडून खच्ची करून कामाला किंवा बाजाराला. न बडवलेला मध्यम खोंड गावात मोकळा फिरला की तो सगळ्यांच्या गायींचा बाप होतो.

तेव्हा आज एवढं करा: घरातल्या थोरल्या माणसांना बसवून नऊ गायींच्या विण्याच्या तारखा आठवतील तशा लिहून काढा. आमच्याकडं हे काम आईनं केलं, तिला कोणती गाय कुठल्या सणाला विली ते पाठ होतं. ती यादी मला पाठवा, मग कोणत्या दोन कमी करायच्या ते नावानं सांगतो. आणि त्यात जी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वेळा विलेली निघेल, तिचा खोंड सध्या दावणीला असेल तर तोवर तो बडवू नका.